चार्ट एकटा बघू नका

एक रुपयाचं नाणं, ग्राफ पेपर आणि एक ऑफ लेक्चर. एवढं जमलं की हा प्रयोग करून बघा. ग्राफवर डाव्या बाजूला ५० लिहा. ही आपल्या काल्पनिक शेअरची किंमत. आता नाणं उडवा. छापा पडला तर किंमत अर्धा रुपया वर, काटा पडला तर अर्धा रुपया खाली. शे-दीडशे वेळा उडवा, ठिपके जोडा आणि तो कागद कट्ट्यावरच्या त्या एका मित्राला दाखवा, ज्याच्या मोबाइलवर कायम लाल-हिरव्या कँडल्स उघड्या असतात. कशाचा चार्ट आहे ते मात्र सांगू नका. तो दोन बोटांनी कागद झूम करायचा प्रयत्न करेल, मग म्हणेल, ‘अरे, इथे बघ, डबल बॉटम झालाय. ब्रेकआउट येणार आता. कुठला शेअर आहे, सांग ना!’

ही आयडिया माझी नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक बर्टन माल्कील यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून हाच खेळ करून घेतला होता. ‘अ रँडम वॉक डाउन वॉल स्ट्रीट’ या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात तो किस्सा आहे. नाण्याने काढलेला चार्ट त्यांनी एका चार्टवाल्या मित्राला दाखवला आणि तो मित्र कंपनीचं नाव कळावं म्हणून अक्षरशः हातघाईवर आला.

हसू येतं, पण आपल्याकडे हा खेळ आता खऱ्या पैशांनी चाललाय. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एफ अँड ओ करणाऱ्या सर्वसामान्य लोकांचा हिशेब मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत त्यांच्यातले ९३ टक्के लोक तोट्यात होते आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. त्याच अहवालातला मला जास्त टोचलेला आकडा वेगळा आहे. या ट्रेडर्समध्ये तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. म्हणजे हे पान वाचणारी आपलीच मंडळी.

मग चार्ट म्हणजे निव्वळ थोतांड का? मला तसं वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपण चार्ट बघतो, पण एकटाच बघतो. भारत, तुर्कस्तान, ब्राझील, थायलंड, इंडोनेशिया अशा ‘इमर्जिंग’ म्हणवल्या जाणाऱ्या देशांत एकटा चार्ट हमखास थापा मारतो. शेअरच्या चार्टशेजारी त्या देशाच्या चलनाचा आणि सरकारी रोख्यांचा, म्हणजे बाँड्सचा चार्ट ठेवला नाही तर काय होतं, हे मी आमच्या घरातच पाहिलंय. ती गोष्ट पुढे येतेच. आधी थोडं व्याकरण.

मेणबत्ती आणि आठवण

एक कँडल म्हणजे चार आकडे. दिवसाची सुरुवात कुठे झाली, सर्वांत वर कुठे गेलं, सर्वांत खाली कुठे गेलं आणि बंद कुठे झालं. मधला जाड भाग सुरुवात आणि शेवट यांच्यामधला, वरखाली निघालेल्या वाती म्हणजे दिवसभराची टोकं. बस्स. हे प्रकरण जपानचं. ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाचे वायदे चालायचे, आणि त्याला १७३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली. त्याच शतकातल्या होन्मा मुनेहिसा या तांदळाच्या व्यापाऱ्याला कँडल्सचा जनक मानायची पद्धत आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते तितकंसं पटत नाही, कँडल्सची आजची चित्रं बहुधा बरीच नंतरची आहेत. पण होन्मांच्या नावाने सांगितली जाणारी मुख्य गोष्ट खरी आहे : भाव फक्त तांदूळ किती पिकला यावर ठरत नाही, तांदूळ घेणारे-विकणारे किती घाबरलेत यावरही ठरतो.

चार्टमध्ये जे काही खरं आहे, ते इथून येतं. ‘सपोर्ट’ म्हणजे जिथून भाव आधी वर फिरला ती पातळी, ‘रेझिस्टन्स’ म्हणजे जिथून खाली फिरला ती. कागदावरच्या रेघेत काही जादू नसते. पण हजारो लोकांना तो आकडा लक्षात असतो. कुणी तिथे विकायचं राहून गेलं म्हणून हळहळत असतो, कुणी तिथे घेऊन अडकलेला असतो आणि ‘आपले पैसे सुटले की बाहेर’ म्हणून देव पाण्यात घालून बसलेला असतो. भाव परत तिथे आला की हे सगळे एकदम जागे होतात. न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेत असताना कॅरल ऑस्लर यांनी २००० मध्ये हे तपासलं. चलनबाजारातल्या कंपन्या आपल्या ग्राहकांना सपोर्ट-रेझिस्टन्सचे जे आकडे रोज पाठवायच्या, ते त्यांनी घेतले आणि शेजारी यदृच्छया निवडलेले आकडे ठेवले. कंपन्यांच्या आकड्यांपाशी दर जास्त वेळा अडखळत होता. एक कारण अगदी साधं होतं. लोक आपल्या ऑर्डर्स गोल आकड्यांपाशी लावून ठेवतात.

म्हणजे चार्ट ही लोकांची आठवण आहे. नाण्याला आठवण नसते, माणसांना असते. नाण्याचा ग्राफ आणि रुपयाचा ग्राफ यांत फरक असलाच तर तो एवढाच. आणि तो फार मोठा नसतो, हेही सेबीच्या आकड्यांवरून कळतंच.

एका चाळीतल्या तीन खोल्या

‘इमर्जिंग मार्केट’ हा शब्द मुळात मार्केटिंगचा. १९८१ मध्ये जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनमध्ये काम करणारे अँटवान व्हॅन ॲगटमाल विकसनशील देशांच्या शेअर्सचा एक फंड काढायचं म्हणत होते. त्याचं नाव होतं ‘थर्ड वर्ल्ड इक्विटी फंड’. कल्पना छान आहे, पण या नावाने हे विकलं जाणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. मग त्यांनी शब्द बदलला. देश तेच, गरिबी तीच, फक्त नाव चकचकीत.

या बाजारांची गंमत अशी, की इथे परदेशी पैसा महत्त्वाचा असतो आणि तो एकाच दारातून आत-बाहेर करतो. परदेशी फंड आधी डॉलर देऊन रुपये घेतो. त्या रुपयांचे शेअर घेतो किंवा सरकारी रोखे घेतो. निघताना उलटं. शेअर किंवा रोखे विकायचे, रुपये हातात घ्यायचे आणि ते देऊन डॉलर मागायचे. म्हणजे शेअर, रोखे आणि चलन या एकाच चाळीतल्या तीन खोल्या आहेत. एका खोलीत भांडण झालं की भिंतीपलीकडे ऐकू जातंच. प्रश्न एवढाच, की आवाज आधी कुठल्या खोलीतून येतो.

रोख्यांची खोली आपल्यापैकी कुणाच्याच वॉचलिस्टमध्ये नसते, म्हणून तिच्याबद्दल दोन वाक्यं. समजा तुमच्याकडे १०० रुपयांचा सरकारी रोखा आहे आणि तो वर्षाला ७ रुपये देतो. उद्या बाजारात ९ रुपये देणारा रोखा आला, तर तुमचा रोखा कोण १०० ला घेईल? तुम्हाला किंमत उतरवावीच लागेल. म्हणून यील्ड, म्हणजे परतावा वर गेला की रोख्याची किंमत खाली. तराजूची दोन पारडी. आपण चार्ट बघतो तो बहुतेक वेळा यील्डचा. तेव्हा तिथे रेघ वर चढली तर टाळ्या वाजवायच्या नसतात. डॉलर-रुपयाच्या चार्टचंही तसंच. तो वर जातो तेव्हा डॉलर महाग होत असतो, म्हणजे रुपया पडत असतो. शेअरचा चार्ट वर म्हणजे चांगलं आणि इतर दोन वर म्हणजे वाईट, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

काका, सेन्सेक्स आणि ६८.८५

आता घरची गोष्ट. २०१३ साल. माझ्या मावसभावाला अमेरिकेत एमएसला ॲडमिशन मिळाली होती. पहिल्या वर्षाच्या फीपोटी साधारण २० हजार डॉलर भरायचे होते, मुदत ऑगस्टअखेर. मे महिन्यात डॉलर साडेपंचावन्न रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ११ लाख १० हजार. एज्युकेशन लोन रुपयांत मंजूर झालं होतं, थोडे पैसे घरचे. काका म्हणाले, घाई काय आहे, डॉलर थोडा उतरला की भरू.

२२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नांके संसदेच्या समितीसमोर बोलले. २००८ च्या मंदीनंतर फेडरल रिझर्व्ह दर महिन्याला अब्जावधी डॉलरचे रोखे विकत घेऊन बाजारात पैसा सोडत होती. येत्या काही बैठकांत ही खरेदी कमी करायचा विचार होऊ शकतो, एवढंच ते म्हणाले. पण तेवढ्याने जगभरच्या इमर्जिंग मार्केट्समधला पैसा माघारी निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉर्गन स्टॅन्लेच्या विश्लेषकांनी ब्राझील, भारत, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान या पाच देशांना ‘फ्रॅजाइल फाइव्ह’ म्हणजे पाच ठिसूळ देश असं नाव देऊन टाकलं.

आता तीन चार्ट शेजारी ठेवा. परदेशी मंडळींनी भारतात आधी मोठ्या प्रमाणावर विकले ते रोखे, शेअर नव्हेत. जून महिन्यात डॉलर ६० रुपये ओलांडून गेला. म्हणजे रेझिस्टन्स, गोल आकडा, सगळं मोडून. १५ जुलैच्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीने मिळणाऱ्या पैशाचा दर २ टक्क्यांनी वाढवून १०.२५ टक्के केला. रुपये उसने घेऊन डॉलरवर सट्टा खेळणाऱ्यांना ते महाग पडावं, हा हेतू. दुसऱ्या दिवशी दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड एका झटक्यात साधारण अर्ध्या टक्क्याने उसळलं. रोख्यांच्या बाजारात ही उडी म्हणजे भूकंपच.

आणि शेअर बाजार? २३ जुलैला सेन्सेक्स २०,३०० च्या वर बंद झाला. दोन महिन्यांतली सर्वांत वरची पातळी. काका रोज रात्री टीव्हीवर तेवढंच बघायचे. ‘बाजार तर मस्त चाललाय. रुपया येईल जागेवर.’ त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या चार्टमध्ये खरोखरच घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. ट्रेंडलाइन ओढली असती तरी ती वरच गेली असती. पण शेजारच्या दोन खोल्यांत भांडी आपटायला लागून दोन महिने झाले होते.

१४ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने भारतीयांनी वर्षाला परदेशात पाठवायच्या पैशांची मर्यादा २ लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली. १५ ला सुट्टी. १६ ला बाजार उघडला आणि सेन्सेक्स ७६९ अंकांनी कोसळला. चार्टवर ती एक लांबलचक लाल कँडल आजही ओळखू येते. महिन्याभरापूर्वी सव्वासात-साडेसात टक्क्यांच्या आसपास असलेलं यील्ड ९ टक्क्यांच्या वर गेलं. २८ ऑगस्टला डॉलर ६८.८५ रुपयांना पोचला आणि सेन्सेक्स दिवसभरात साडेसतरा हजारांच्याही खाली जाऊन आला.

आम्ही पैसे भरले त्याच आठवड्यात. ६६ रुपयांच्या दराने १३ लाख २० हजार. लोन ठरलं तेवढंच होतं. वरचे २ लाख १० हजार मावशीच्या बांगड्यांनी भरून काढले. बँकेतून गोल्ड लोनची पावती घेऊन ती घरी आली तेव्हा कुणीच काही बोललं नाही, आणि टीव्ही बंद होता, एवढं मला पक्कं आठवतं.

पुढचा भाग तांत्रिक विश्लेषणवाल्यांना आवडेल असा आहे. ४ सप्टेंबरला रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवी आणि बँकांची परदेशी कर्जं सवलतीच्या दराने रुपयांत बदलून द्यायची योजना आली आणि त्यातून पुढे सुमारे ३४ अब्ज डॉलर देशात आले. १८ सप्टेंबरला अमेरिकेनेही रोखेखरेदी लगेच कमी करायची नाही असं ठरवलं. ऑक्टोबरपर्यंत डॉलर ६१-६२ रुपयांवर उतरला होता. पण ६८.८५ हा आकडा चार्टवर कोरला गेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये डॉलर त्याच्या जवळ गेला आणि परत फिरला. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याला निसटता स्पर्श करून परत फिरला. शेवटी जून २०१८ मध्ये ६९ च्या पुढे गेला तेव्हा कुठे ती भिंत पडली. जवळपास पाच वर्षं एका आकड्याची आठवण! ती ट्रेडर्सना होती, आयात-निर्यात करणाऱ्यांना होती आणि डॉलर विकायला बसलेल्या रिझर्व्ह बँकेला तर होतीच. आपल्यासारख्या देशात चलनाच्या चार्टवरच्या कित्येक रेघा मध्यवर्ती बँकेनेच ओढलेल्या असतात. हे माहीत नसलेला पोरगा ट्रेंडलाइनला ‘मार्केट सायकॉलॉजी’ म्हणत बसतो.

पट्टीने ओढल्यासारखी रेघ

मध्यवर्ती बँक खूप जास्त रेघा ओढायला लागली तर काय होतं, त्याचं उदाहरण थायलंडचं. १९८४ पासून तिथलं चलन बाट साधारण २५ बाटला एक डॉलर या दराला बांधून ठेवलेलं होतं. तो चार्ट बघाल तर वर्षानुवर्षं पट्टीने ओढल्यासारखी आडवी रेघ. कुठलाही इंडिकेटर लावा, धोका शून्य दिसेल. थाई कंपन्यांनी त्या रेघेवर भरवसा ठेवून स्वस्त व्याजाची डॉलर कर्जं घेतली आणि इमारती बांधत सुटल्या.

शेजारच्या खोलीत मात्र वेगळंच चाललं होतं. बँकॉकच्या शेअर बाजाराचा सेट निर्देशांक जानेवारी १९९४ मध्ये १,७५० च्या वर होता. १९९६ संपताना तो ८३१ वर आला होता आणि जून १९९७ पर्यंत सव्वापाचशेच्या आसपास. तीन-साडेतीन वर्षं शेअर बाजार ओरडत होता आणि चलन शांतपणे आडवं पडलं होतं. २ जुलै १९९७ ला सरकारकडचे डॉलर संपत आले, त्यांनी हात सोडला आणि जानेवारी १९९८ मध्ये एका डॉलरला ५० हून जास्त बाट मोजावे लागत होते. डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या कंपनीचं कर्ज, एक पैसा न उचलता, दुप्पट.

म्हणजे २०१३ मध्ये भारतात आधी चलन आणि रोखे बोलले, शेअर नंतर. थायलंडमध्ये आधी शेअर बोलले. पहिलं कोण बोलणार याचा काही नियम नाही. म्हणून तिन्ही दारांना कान लावावा लागतो. आपल्याकडे दुखण्याबद्दल म्हणतात ना, येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी, ते या चलनांना तंतोतंत लागू पडतं. घसरण काही आठवड्यांत, भरपाई काही वर्षांत. त्यामुळे आरएसआय ७० च्या वर गेलाय, आता डॉलर ‘ओव्हरबॉट’ झालाय, खाली येणारच, असं म्हणून उलटा डाव टाकणारे अशा वेळी हमखास मार खातात. ट्रेंड जोरात असला की आरएसआय आठवडाभर तिथेच ठिय्या देऊन बसतो.

विक्रमी दिवाळी, पण कुणाची?

पुन्हा २०१३ मध्ये येऊ. ३ नोव्हेंबरला मुहूर्ताच्या सौद्यांत सेन्सेक्स २१,२३९ वर बंद झाला. सार्वकालिक उच्चांक! सगळ्या पेपरांत लक्ष्मीपूजनासोबत तो फोटो होता. जानेवारी २००८ मधला सर्वोच्च बंद २०,८७३ चा, म्हणजे रेझिस्टन्स तुटला, ब्रेकआउट झाला. आता एक भागाकार करा. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ३९ रुपयांच्या थोडा वर होता, नोव्हेंबर २०१३ मध्ये पावणेबासष्ट. डॉलरमध्ये मोजलं तर सेन्सेक्स तेव्हा सुमारे ५३० होता आणि या विक्रमी दिवाळीत सुमारे ३४५. एकतृतीयांशाहून जास्त खाली. एकाच दिवशी, एकाच बाजाराचे दोन चार्ट. एकात ब्रेकआउट, दुसऱ्यात खड्डा. मुंबई शेअर बाजाराने डॉलरमधला सेन्सेक्स मोजण्यासाठी ‘डॉलेक्स’ नावाचे निर्देशांक काढले ते यासाठीच. चार्टिंगच्या बऱ्याचशा साइट्सवर तर नुसतं भागाकाराचं चिन्ह टाकून हा चार्ट स्वतः काढता येतो.

तुर्कस्तानात हे प्रकरण आणखी टोकाला गेलं. इस्तंबूलचा बिस्ट १०० निर्देशांक मे २०१३ मध्ये सुमारे ९३ हजार होता. २०२१ संपताना जुन्या मापाने तो १ लाख ८५ हजारांवर होता. दुप्पट! पण त्याच काळात डॉलर १.८५ लिराच्या आसपासवरून १३ लिराच्या वर गेला होता. डॉलरमध्ये मोजलं तर शंभरातले सत्तरहून जास्त गेलेले. ‘जुन्या मापाने’ म्हटलं, कारण जुलै २०२० मध्ये त्यांनी निर्देशांकातली दोन शून्यं काढून टाकली. ते ठाऊक नसेल आणि जुना डेटा तसाच डाउनलोड केलात, तर चार्टवर एका दिवसात बाजार ९९ टक्के पडलेला दिसेल! २०२१ च्या शेवटी तिथे महागाई भडकलेली असताना व्याजदर १९ टक्क्यांवरून १४ वर आणले गेले. २० डिसेंबरला डॉलर १८ लिरांच्या वर गेला आणि त्याच रात्री सरकारने लिरातल्या ठेवींना डॉलरच्या भावाची हमी दिल्यावर काही तासांत १३ च्या आसपास आला. ती कँडल एकदा शोधून बघाच. असल्या दिवशी कुठलीही रेघ कुणाच्या कामाला येत नाही.

अशा आणखी दोन कँडल्स सांगतो आणि थांबतो. अर्जेंटिनात रविवार, ११ ऑगस्ट २०१९ ला निवडणुकीची प्राथमिक फेरी झाली. आदल्या शुक्रवारी बाजार आशेने जोरात वर गेला होता. सोमवारी मेर्व्हाल निर्देशांक पेसोमध्ये ३८ टक्के आणि डॉलरमध्ये ४८ टक्के पडला. एका दिवसात. शुक्रवारची कँडल आणि सोमवारची कँडल यांच्या मधल्या रिकाम्या जागेत लोकांचे स्टॉपलॉस लावलेले होते, पण त्या भावाला कुणी घेणाराच नव्हता. आपल्याकडे ३ आणि ४ जून २०२४ ला एक्झिट पोल आणि प्रत्यक्ष निकाल यांच्या मधोमध निफ्टीने त्याची छोटी आवृत्ती दाखवली : एक दिवस ३ टक्क्यांहून जास्त वर, दुसऱ्या दिवशी जवळपास ६ टक्के खाली. दुसरी कँडल रशियाची. २४ फेब्रुवारी २०२२, युक्रेनवर हल्ल्याचा दिवस, बाजार एकतृतीयांशाने खाली. पुढच्या सोमवारपासून जवळजवळ महिनाभर मॉस्कोचा शेअर बाजार उघडलाच नाही, आणि तोपर्यंत एमएससीआयने रशियाला आपल्या इमर्जिंग मार्केट्स निर्देशांकातून काढून टाकलं होतं, तेही जवळपास शून्य किमतीला. चार्ट खाली जातो, वर जातो हे ठीक. तो मध्येच संपूही शकतो, हे कुठल्याही टेलिग्राम चॅनेलवर शिकवत नाहीत.

मी स्वतः काय करतो? ट्रेडिंग करत नाही, म्हणजे एकदा केलं आणि कॉलेजच्या ट्रिपचे पैसे घालवले, तेवढं पुरे झालं. पण दर रविवारी लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडतो. निफ्टी, डॉलर-रुपया आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड. पाच मिनिटांचे चार्ट नाहीत, आठवड्याच्या कँडल्स. प्रत्येकावर एकच रेघ, २०० दिवसांची सरासरी. म्हणजे गेल्या २०० दिवसांच्या भावांची बेरीज भागिले २००, बारावीच्या गणिताच्याही अलीकडचं. तिन्ही आपापल्या रेघेच्या बऱ्या बाजूला असतील तर लॅपटॉप बंद करून चहा. दोन एका दिशेला आणि एक दुसरीकडे असेल, तर मात्र त्या आठवड्याच्या बातम्या नीट वाचतो. जून २०२४ पासून जेपी मॉर्गनच्या इमर्जिंग मार्केट्स रोखे निर्देशांकात भारताचे सरकारी रोखे आले आहेत, त्यामुळे त्या तिसऱ्या खोलीत आता पाहुणे वाढलेत. पाहुणे येतात तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. ते एकदम निघाले की काय होतं, ते आम्ही पाहिलंय.

बाहेर शिकायला जायचं चाललंय, फी डॉलर किंवा युरोत आहे, त्यांच्यासाठी तर हा शेअर बाजाराचा विषयच नाही. रुपयाचा चार्ट हा तुमच्या फीचा चार्ट आहे. ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२४ डॉलर जवळपास ८३ च्या आसपास इतका शांत पडून होता, की घरोघरी काकांसारखी माणसं निर्धास्त झाली होती. वर्ष संपता संपता तो ८५ च्या पुढे होता.

मावसभाऊ आता तिकडेच नोकरी करतो. बांगड्या दोन वर्षांत सुटल्या. गेल्या गणपतीत मावशीकडे गेलो तेव्हा टीव्हीवर खाली सेन्सेक्सची पट्टी पळत होती. काकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोदकाची वाटी माझ्या हातात देत त्यांनी हळूच विचारलं, ‘दहा वर्षांचा रोखा कितीवर आहे रे आज?’